डोलकाठीचा अहवाल

माझ्या कामाबद्दल लिहिलेले एक वाक्य अकरा वर्षे एका क्लबाच्या फायलीत पडून होते. ‘पृष्ठप्रक्रिया सदोष असल्याने डोलकाठी तळाशी कुजली.’ हे वाक्य खोटे आहे. ते रद्द व्हावे एवढाच माझा हेतू होता असे मी आज लिहिले, तर तेही खोटे ठरेल. ज्याने ते लिहिले, त्याची मान चारचौघांत खाली गेलेली मला पाहायची होती.

तो आणि मी खडकीच्या एकाच कारखान्यातून निवृत्त झालो. मी पृष्ठप्रक्रिया विभागात होतो, तो तपासणीत. माझे काम ॲनोडायझिंगचे. ॲल्युमिनियमचा भाग आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडली, की त्याच्या अंगावर त्याचीच कडक साल चढते. रंग वरून लावतात. ही साल आतून येते. मी छत्तीस वर्षे साली चढवल्या आणि त्याने त्या तपासल्या. आमचे अरे-तुरेचे होते.

पन्नाशीत आम्ही दोघांनी मिळून शिडाच्या दोन जुन्या होड्या घेतल्या. जुळ्या. प्रत्येकी दोन माणसे बसतील एवढ्या. धरणावरच्या क्लबात त्या शेजारी-शेजारी उभ्या असत. प्रत्येकीची डोलकाठी ॲल्युमिनियमची, दोन तुकड्यांची, मध्ये जोड. शिडाच्या तळाची जी आडवी नळी, तिला क्लबात बूम म्हणतात. माझी काठी आणि बूम मी भोसरीच्या एका कारखान्यात रविवारी टाकी मोकळी असताना स्वतः ॲनोडाइज केली. त्याचीही करून देतो म्हणालो. तो म्हणाला, ‘तुझ्या सालीपेक्षा मोटारीचा रंग बरा. दिसतो तरी.’ त्याने गॅरेजवाल्याकडून पांढरा रंग मारून घेतला.

चौदा वर्षांनी, थंडीतल्या शर्यतीत, माझी काठी तळाशी चुरगळली आणि कोसळली. खांद्याचे हाड मोडले. मी प्लास्टरमध्ये असताना क्लबाने त्याला चौकशी करायला सांगितले. तपासणीतला माणूस म्हणून. त्याने काठीचा तळ वरवर पाहिला, कुजलेल्या धातूचा पांढरा भुगा पाहिला आणि वरचे वाक्य लिहिले. खाली जोडले, ‘त्याच वर्षीची, रंगवलेली दुसरी डोलकाठी सुस्थितीत आहे.’ ती दुसरी त्याची स्वतःची. कागद महिनाभर सूचनाफलकावर होता.

मी क्लबात जाणे थांबवले. काठी आणि बूम गोणपाटात गुंडाळून कोथरूडच्या आमच्या सोसायटीत, पार्किंगच्या भिंतीला ब्रॅकेट ठोकून, त्यावर ठेवली. अकरा वर्षे उघडली नाही. ज्या वस्तूचा अपमान झाला ती मी उघडून पाहत नाही, ही माझी सवय. ती वाईट आहे हे पुढे कळले.

या वर्षी पावसाळ्यात क्लबाची सूचना आली. खाली त्याची सही. तो आता अध्यक्ष झाला आहे. ज्या होड्यांवर खंडेनवमीपर्यंत डोलकाठी उभी नसेल त्या भंगारात जातील. उभी करण्यापूर्वी प्रत्येक काठीची तळापर्यंत तपासणी होईल. अपवाद कोणालाही नाही.

पत्र वाचून बायको म्हणाली, ‘बरं झालं. ती भिंत मोकळी होईल.’

मी गोणपाट सोडले.

अकरा वर्षांत वरची साल मळली होती, गेली नव्हती. ओल्या फडक्याने पुसल्यावर खालून तोच राखी रंग निघाला. जिथे जिथे पोलादी स्क्रू होते तिथे मात्र साल फुगली होती. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून पाण्यात राहिले, की हलका धातू मरतो. हे पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थ्यालाही ठाऊक असते. बूमच्या पुढच्या टोकाला, जिथे ती काठीला अडकते, मुगाच्या दाण्याएवढे खड्डे होते.

मी काम पद्धतीने सुरू केले. स्क्रू अडकले होते. तेल सोडून दोन दिवस थांबलो, मग शेक देऊन काढले. सहा तुटले, ते ड्रिलने काढले. भुगा नायलॉनच्या घासणीने उतरवला. लोखंडी काथ्या मी वापरत नाही. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तांबडे डाग होऊन उगवतात. सोसायटीतले लोक दुचाकी काढताना थांबत. एकाने विचारले, ‘काका, हे अँटेना का?’ मी हो म्हणालो.

शेवटी तळाकडे वळलो. चुरगळलेला भाग चार इंच होता, त्यावर भुग्याचा दगडासारखा गोळा. तो भाग कापून टाकायचा आणि आतून बाहीसारखी नळी घालून नवा तुकडा रिव्हेटने बसवायचा, असे ठरवले होते. कापण्याआधी गोळ्यावर हातोडीचा एक टोला दिला. गोळा फुटला. आतून हिरवे काहीतरी डोकावले.

तो तांब्याचा पैसा होता. इंग्रजांच्या काळातला, मध्ये भोक असलेला.

मी पार्किंगमध्ये स्टुलावर बसलो. मला ती सकाळ आठवली. होड्या घेतल्या त्या वर्षीची खंडेनवमी. हत्यारांची पूजा असते त्या दिवशी. दोन्ही काठ्या उभ्या करायच्या होत्या. मी काठी तोलून धरली होती आणि तो खाली बसला होता. काठीचा तळ होडीतल्या ज्या खोबणीत बसतो तिथे त्याने हळदकुंकू वाहिले आणि आजोबांच्या डबीतला एक पैसा ठेवला. घराची चौकट बसवताना उंबऱ्याखाली तांब्याचे नाणे ठेवतात, तसे. मी म्हणालो, ‘पूजा झाली की काढ. तांबं आहे ते. पाण्यात काठी खाईल.’ तो म्हणाला, ‘हो रे, काढतो.’ मी पाहिले नाही. तपासणीतल्या माणसाच्या शब्दाची तपासणी करण्याची आमच्यात पद्धत नव्हती.

खोबणीत पाणी साचते. चौदा वर्षे पैसा, पाणी आणि माझी काठी एकत्र होती. कोणतीही साल त्यापुढे टिकली नसती. चौदा वर्षे टिकली हेच माझ्या कामाचे प्रमाणपत्र होते, आणि त्याने त्यावर सदोष असा शिक्का मारला होता.

मला राग आला नाही. अकरा वर्षांनी प्रथमच मला बरे वाटले.

त्यानंतर एक गोष्ट लक्षात आली. त्या सकाळी त्याने डबीतून दोन पैसे काढले होते. एक माझ्या काठीखाली, एक त्याच्या.

त्याची होडी बहुतेक वर्ष काठीसकट उंच शेडखाली असे आणि तळाला जाड रंग होता. म्हणून ती काठी अजून उभी होती. पण त्याने ती पंचवीस वर्षांत एकदाही उतरवलेली नव्हती. तसे तो अभिमानाने सांगत असे. आतमध्ये काय झाले असेल हे मला न पाहता कळत होते. बाहेरून पांढरा रंग तुकतुकीत होता.

खंडेनवमीला एकोणीस दिवस बाकी होते. मी त्याला कळवले नाही.

माझा विचार सरळ होता. कळवले तर तो घरच्या घरी काठी उतरवील, पैसा खिशात घालील आणि नवा तुकडा जोडून गप्प बसेल. सूचना त्याचीच होती. अपवाद कोणालाही नाही. तर नवमीला, सर्व सभासदांसमोर, त्याच्याच नियमाने त्याची काठी उतरवायची. ती पाण्यावर पडून उपयोग नव्हता. पाण्यावर पडली तर लोक वाऱ्याला दोष देतील आणि पैसा धरणाच्या गाळात जाईल. मला ती जमिनीवर, पुराव्यासह हवी होती.

बायकोला पैसा दिसला तो मी खिडकीत वाळत ठेवला तेव्हा. तिने विचारले, मी सांगितले. ती भाजी निवडत होती. थोडा वेळ निवडतच राहिली.

‘आणि त्यांच्या काठीखालचा?’

‘असेल.’

‘सांगितलंत?’

‘नाही.’

‘त्यांनी न बघता सही केली म्हणून तुम्ही अकरा वर्षं धुमसताय. तुम्ही तर बघून गप्प बसलात.’

मी पैसा उलटून ठेवला. ती पुढे म्हणाली, ‘रविवारी ते दोघं जातात त्या होडीत. तिला पोहता येत नाही. मी फोन करू का?’

‘नको.’

‘मग नवमीपर्यंत थांबते. त्यानंतर विचारायचीसुद्धा नाही, सरळ करीन.’

त्या दिवसापासून तिने माझ्याशी आवश्यक तेवढेच बोलणे ठेवले. आमच्याकडे फरक फारसा जाणवला नाही.

काम पुढे चालू होते. तळाचा खराब भाग कापला, बाही बसवली. काठीचे दोन्ही तुकडे आणि बूम टेम्पोत घालून भोसरीला नेली. जुन्या ओळखीवर एका रात्री टाकी मिळाली. जुनी साल कॉस्टिकमध्ये उतरवली. वर काळपट थर आला तो नायट्रिकमध्ये धुतला. मग आम्लाची टाकी आणि वीज. शेवटी उकळत्या पाण्यात अर्धा तास, म्हणजे सालीची छिद्रे मिटतात. लोक हा अर्धा तास चोरतात. मी घड्याळ घेऊन उभा राहिलो. बूमवरचे खड्डे मी बुजवले नाहीत. पुट्टी भरून रंग मारला असता तर ते दिसले नसते. जे झाले ते दिसू दे, म्हणून तसेच ठेवले. प्रत्येक पोलादी स्क्रूखाली नायलॉनची चकती घातली.

त्या एकोणीस दिवसांत दोन रविवार आले. दोन्ही रविवारी मी धरणावर गेलो. क्लबात नव्हे, पलीकडच्या काठावर, रस्त्याच्या कठड्याशी. त्याची होडी ओळखू येत होती. मागे सुकाणूवर तो, पुढे त्याची बायको, तिच्या डोक्यावर पांढरी टोपी. पहिल्या रविवारी वारा नव्हता. दुसऱ्या रविवारी दुपारून वारा वाढला. होडी कलली की काठी वाकलेली दिसे, मग सरळ होई. मी कठड्याला धरून उभा होतो. तिथला कणीसवाला म्हणाला, ‘आजोबा, ऊन लागतंय, बसा की.’ मी बसलो नाही. ते दोघे काठाला लागेपर्यंत मी तिथून हललो नाही. मला त्यांची काळजी होती असे कोणी समजू नये. काठी नवमीपर्यंत टिकायला हवी होती, इतकेच.

नवमीला सकाळी क्लबाच्या आवारात पंधरा-वीस सभासद होते. होड्या ओळीने, प्रत्येकीला झेंडूची माळ. तो खुर्चीवर बसला होता. आता थोडा वाकला आहे. मला पाहून उठला आणि म्हणाला, ‘आलास? मला वाटलं, तू भंगार होऊ देशील.’

मी म्हणालो, ‘आपण तपासणी करावी.’

आपण हा शब्द त्याला लागला. त्याने चष्मा बदलला.

त्याची तपासणी चोख असते, हे मी नाकारत नाही. त्याने काठी टोकापासून तळापर्यंत पाहिली, नख फिरवले, जोडावर कान ठेवून ठोकून पाहिले. मग खिशातून फाउंटन पेन काढले, सालीवर शाईचा थेंब टाकला, पाच मिनिटे थांबला आणि ओल्या फडक्याने पुसला. साल नीट मिटलेली नसेल तर शाई आत शिरते. डाग राहिला नाही. बूमवरच्या खड्ड्यांवर बोट ठेवून तो म्हणाला, ‘हे बुजवले का नाहीत?’

‘लपवण्याचे काम मी करत नाही.’

कोणीतरी हसले. त्याने वहीत ‘योग्य’ लिहून सही केली.

‘आता आपली,’ मी म्हणालो.

‘माझी काय? माझी पंचवीस वर्षं उभी आहे.’

‘सूचनेत लिहिले आहे. अपवाद कोणालाही नाही. खाली आपली सही आहे.’

पुन्हा कोणीतरी हसले. या वेळी त्याच्याकडे पाहून. तो म्हणाला, ‘उतरवा. होऊ दे याच्या मनासारखं.’ चौघांनी काठीला ताणून धरणाऱ्या तारा सोडल्या आणि काठी खोबणीतून वर उचलली. तळाचा रंग अखंड होता. काठी आडवी ठेवल्यावर मी गुडघ्यावर बसलो आणि स्क्रूड्रायव्हर रंगाला टेकवला. जोर लावावा लागला नाही. तो बिस्किटात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. ओढून काढला तेव्हा पांढरा भुगा लादीवर सांडला. खोबणीत हात घालून मी गाळातून पैसा काढला, पाण्याने धुतला आणि माझ्या खिशातला दुसरा त्याच्याशेजारी ठेवला.

सभासद जवळ सरकले. त्याला ओळखायला वेळ लागला नाही. तो दोन्ही पैशांकडे पाहत खाली बसला, अगदी पंचवीस वर्षांपूर्वी बसला होता तसा. सभासदांपैकी जे अभियंते होते त्यांना आपोआप कळले. बाकीच्यांना त्यांनी समजावले.

मी अकरा वर्षे एक वाक्य तयार ठेवले होते. ते उच्चारण्यासाठी उभा राहिलो. त्याआधीच तो उठला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

‘उद्या दसऱ्याला हिला घेऊन पार पलीकडच्या काठापर्यंत जाणार होतो,’ तो म्हणाला. ‘मित्रा, तू वाचवलंस आम्हाला.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ म्हणाले, मैत्री असावी तर अशी. त्याची बायको डोळे पुसत पुढे आली आणि तिने माझ्या हातावर पेढा ठेवला. मी सूड घ्यायला गेलो होतो आणि माझा सत्कार चालला होता. अहवालाबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हते. आणखी पाच मिनिटे गेली असती तर मला माळ घातली असती.

त्याने हात धरूनच विचारले, ‘कधी सापडला रे तुला तुझा पैसा?’

काल, असे म्हणता आले असते. त्या एका शब्दात सर्व निभावले असते आणि मी जन्मभर भला माणूस राहिलो असतो.

‘एकोणीस दिवसांपूर्वी,’ मी म्हणालो.

त्याला हिशेब लागायला क्षणभर लागला. मग त्याने माझे हात सोडले. त्याच्या बायकोने मान वळवून धरणाकडे पाहिले. टाळ्या वाजवणारे गृहस्थ झेंडूची माळ नीट करू लागले.

‘आम्ही दोन रविवार गेलो होतो,’ तो म्हणाला.

‘मी पाहत होतो.’

‘पाहत होतास.’

‘चौकशीचा तो अहवाल खोटा आहे,’ मी म्हणालो. ‘तो आपण लेखी रद्द करावा. आणि फलकावर लावावा, महिनाभर.’

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आभार उरले नव्हते. मी ज्या सुडासाठी गेलो होतो तो मला तेव्हा मिळाला. मान मात्र त्याने खाली घातली नाही.

पेढा मी घरी आणला. बायकोला काय झाले ते सांगितले. तिने पेढा घेतला नाही. म्हणाली, ‘खरं सांगितलंत एवढं बरं केलंत.’ थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पुढचे वाक्य आले, ‘ते तरी कशासाठी सांगितलंत कोण जाणे.’

त्याची काठी दुरुस्त करून देणारा पुण्यात दुसरा कोणी नाही. आहेत ते नवी विकतात, आणि त्या जुन्या मापाची नवी मिळत नाही. पंधरा दिवसांनी विश्रांतवाडीहून, त्याच्या घरून, टेम्पो आला, त्यात ती काठी होती. सोबत दोन ओळींचे पत्र. पत्रात आपण होते. दुरुस्तीची विनंती होती आणि अहवालाचा मसुदा जोडला होता. मी काठी भिंतीवरच्या ब्रॅकेटांवर ठेवली आणि मसुदा वाचायला घेतला.

मसुदा टाकाऊ होता. ‘काही तांत्रिक कारणांनी.’ मी तांबड्या पेन्सिलीने खूण केली, समासात ‘फेरसादर करावे’ असे लिहिले आणि परत पाठवला. कारखान्यात तो माझे भाग असेच परत पाठवत असे. दुसऱ्या मसुद्यात पैशाचा उल्लेख आला. तो कोणी ठेवला हे आले नाही. तोही परत गेला. काठीला मी हात लावला नाही. बायको म्हणाली, ‘भिंत मोकळी होईल म्हणाले होते मी. एकीच्या जागी दुसरी आली.’

परवा तिसरा मसुदा आला. हा टंकलेला आणि पानभर आहे. पैसा त्याने ठेवला, काढतो म्हणून काढला नाही, न तपासता अहवाल लिहिला, हे सर्व त्यात आहे. ‘पृष्ठप्रक्रिया बहुधा निर्दोष होती,’ असेही आहे. ‘बहुधा’ या शब्दाखाली मी तांबडी रेघ ओढली.

शेवटच्या परिच्छेदात त्याने लिहिले आहे, की दुसऱ्या डोलकाठीतील धोका पृष्ठप्रक्रिया करणाऱ्या व्यक्तीस ठाऊक असूनही त्याने तो एकोणीस दिवस दडवून ठेवला, आणि त्या काळात दोन माणसे त्या होडीतून दोनदा पाण्यावर गेली.

ते वाक्य मी तीनदा वाचले. महिनाभर फलकावर राहील. सभासद वाचतील, त्यांची मुले वाचतील. पेन्सिल हातात होती. शब्द तपासले, दिवस मोजले, रविवार मोजले.

त्या वाक्यावर मी खूण केली नाही. ते बरोबर होते.